‘आम्ही’, ‘आपण’ आणि इंग्रजीची उजळणी

स्मरणिकेच्या संपादक मंडळाचे पत्र आले, त्यात ‘विद्यालयाने मला काय दिले’ या विषयावर लेख पाठवावा अशी विनंती होती. हे पत्र आम्हां तिघांना वेगवेगळे मिळाले. आमच्यापैकी एक भंडारा जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक आहे, एक टपाल खात्यात आहे आणि एक नागपूरच्या जिल्हा न्यायालयात वकिली करतो. तिघांनीही निमूटपणे लिहायला घेतले. पंधरा दिवसांनी फोनवर बोलता बोलता उलगडा झाला की, तिघेही एकाच गोष्टीविषयी लिहीत होतो. ती म्हणजे मार्च १९९७ च्या शालान्त परीक्षेपूर्वी रविवारच्या रविवारी झालेली इंग्रजीची उजळणी. मग तीन लेखांचा एकच लेख केला. विषयातील ‘मला’ येथे ‘आम्हांला’ झाला आहे, तेवढे संपादकांनी सांभाळून घ्यावे.

इंग्रजीच्या तासाविषयी कोणी स्मरणिकेत लिहीत नाही. लोक धम्म सहलींविषयी लिहितात, १४ एप्रिलच्या मिरवणुकीविषयी लिहितात, खिचडीतल्या खड्यांविषयीही लिहितात. व्याकरणाविषयी लिहावे, असे त्यात काय असते? पण आमच्या तुकडीपुरते सांगायचे तर, या इमारतीत आमच्या आयुष्याला जे वळण लागले, ते बरेचसे फळ्यावरच्या एका ‘मे’ या क्रियापदाने लागले. ते कसे, ते पुढे येईलच.

वसतिगृहात आम्ही पाचवीत दाखल झालो तेव्हा महाल आम्हांला शहर वाटण्याऐवजी गुंता वाटला. उमरेड, पवनी, चिमूर, ब्रह्मपुरी अशा भागांतून आलेली आम्ही मुले. गावात रस्ता म्हणजे जो शेताकडे जातो तो. येथे गल्लीतून गल्ली निघत असे आणि शेवटी आपण निघालो तेथेच पोहोचत असू. गांधी दरवाजा ही आमची खूण. तो दिसला की वसतिगृह कोणत्या हाताला, हे कळे. त्या दरवाजाचे जुने नाव शुक्रवारी दरवाजा, हे पुढे सरांनी सांगितले, आणि लगेच समानार्थी शब्दांचा तासही उरकून घेतला. कारण जवळच्या तलावालाही अशीच अनेक नावे आहेत. कोणी त्याला शुक्रवारी तलाव म्हणतो, जुनी माणसे जुम्मा तलाव म्हणत, आणि पाटीवर असते गांधीसागर. सर म्हणाले, “तळ्याला सागर म्हणणे याला काय म्हणतात?” आम्ही गप्प. “अतिशयोक्ती. इंग्रजीत हायपरबोली. नागपूरकरांना ती जन्मतःच येते, फक्त तिचे नाव माहीत नसते.”

सर महालातलेच. त्यांचे नाव येथे लिहावे असे तिघांनाही वाटते. पण हयातीत त्यांनी कोणत्याही पाटीवर, फलकावर, देणगीदारांच्या यादीत आपले नाव येऊ दिले नाही, म्हणून आम्हीही लिहीत नाही. जुने विद्यार्थी ओळखतीलच. सायकलच्या कॅरिअरला खडूचा डबा बांधलेला असे. शाळेचे खडू ठिसूळ असतात, अशी त्यांची कायमची तक्रार होती.

त्या काळी मराठी शाळांत इंग्रजी पाचवीपासून सुरू होत असे. दहावीत येईपर्यंत पाच वर्षे इंग्रजी शिकूनही आमच्यातील निम्म्याहून अधिक मुलांना एक सरळ वाक्य लिहिता येत नव्हते. पाठांतर दांडगे होते. गाईवरचा निबंध स्वल्पविरामांसकट पाठ होता. पण प्रश्नपत्रिकेत म्हैस आली की आम्ही संपलो. पस्तीस गुण म्हणजे नदीचा दुसरा काठ. पोहता येत नव्हते आणि नावही नव्हती. इंग्रजीत गेलेला मुलगा गावी परत जातो आणि वसतिगृहातील त्याची खाट दुसऱ्याला मिळते, हे आम्ही दर जूनमध्ये पाहत होतो.

पहिल्या रविवारी सरांनी पुस्तक उघडलेच नाही. सकाळची वंदना नुकतीच झाली होती. त्यांनी फळ्यावर त्रिशरणातील एकच शब्द लिहिला: गच्छामि. “रोज म्हणता. याचा अर्थ?” “जातो,” आम्ही म्हणालो. “कोण जातो?” पुन्हा गप्प. मग त्यांनी त्याखाली गच्छसि आणि गच्छति लिहिले. शेजारी जातो, जातोस, जातो. आणि त्याच्या शेजारी इंग्रजीतील गो, गो, गोज. “पालीने तिघांनाही वेगवेगळे शेपूट दिले. मराठीने जरा काटकसर केली. इंग्रजीने सगळ्यांची शेपटे छाटली आणि एकाचेच ठेवले, तृतीय पुरुषी एकवचनाचे. एवढे एकच शेपूट सांभाळायचे आहे आणि तेवढेही तुमच्याने होत नाही!” पाच वर्षे जो ‘एस’ आम्हांला नुसती कटकट वाटत होता, त्याचा वंश त्या दिवशी कळला. तो आपल्या ओळखीच्या घरातला निघाला.

मागच्या बाकावरून कोणीतरी विचारले, “सर, आपण तर सगळे मिळून म्हणतो. मग ‘आम्ही जातो’ असं का नाही?” सरांना हा प्रश्न फार आवडला असावा, कारण ते खुर्चीवर बसले. एरवी ते तासाला कधीच बसत नसत. त्यांनी सांगितले की पालीत ‘गच्छाम’ असे अनेकवचन आहे, ते वापरता आले असते. पण शरण जाणे आणि शील घेणे हे ज्याचे त्याने करायचे असते. ‘समादियामि’ म्हणतानाही प्रत्येक जण आपल्यापुरतेच बोलत असतो. शंभर मुले एका सुरात म्हणाली तरी ती शंभर एकवचनेच असतात.

मग त्यांनी आम्हांला उलट प्रश्न घातला. इंग्रजीतील ‘वुई’चे मराठी काय? आम्ही म्हणालो, आम्ही. “आणि आपण?” तेही. “मग ‘वुई आर गोइंग टु द तलाव’ याचे मराठी कोणते? ‘आम्ही तलावावर जातो’ की ‘आपण तलावावर जातो’?” वर्गात हशा पिकला, कारण हा फरक आम्हांला व्याकरणातून नव्हे, रोजच्या जगण्यातून ठाऊक होता. मोठी मुले ‘आम्ही जातो’ म्हणाली की लहानांनी खोलीतच थांबायचे, आणि ‘आपण जाऊ’ म्हणाली की चपला घालायच्या. इंग्रजीत हा भेद नाही. ‘वुई’ ऐकणाऱ्याने आपण त्यात आहोत की नाही, हे संदर्भावरून ताडायचे. सभागृहाच्या भिंतीवर राज्यघटनेची उद्देशिका चौकटीत लावलेली होती. मराठीत तिचा पहिला शब्द ‘आम्ही’ आहे, इंग्रजीत ‘वुई’. सरांनी तिच्याकडे बोट दाखवले आणि म्हणाले, “हा ‘आम्ही’ ऐकून ज्यांना वाटले की आपण त्यात नाही, त्यांच्यासाठीच तो लिहिला आहे.” त्यावर ते आणखी काही बोलले नाहीत. पुढे आमच्यातील वकिलाने ही गोष्ट न्यायालयाच्या बाररूममध्ये सांगितली, तेव्हा एका ज्येष्ठ वकिलांनी ती वहीत उतरवून घेतली.

काळांच्या उजळणीत मात्र आमच्या बोलीने दगा दिला. नागपूरकडे आम्ही ‘जात आहे’ म्हणत नाही, ‘जाऊन राहिलो’ म्हणतो. ‘काय करून राहिला बे?’ हा आमचा कुशलप्रश्न. त्यामुळे चालू वर्तमानकाळ आम्हांला कधी अवघड गेला नाही. तो थांबवणे अवघड गेले. ‘मला समजून राहिले’ हे आम्ही ‘आय ॲम अंडरस्टँडिंग’ करत होतो. दोन भाऊ असणेही आमच्याकडे सतत चालूच असे: ‘आय ॲम हॅविंग टू ब्रदर्स’. सर म्हणाले, “भाऊ काय जेवण आहे, हॅविंग करायला?” जाणणे, असणे, आवडणे, समजणे ही क्रियापदे चालत नाहीत, ती बसून असतात, असे त्यांनी सांगितले. व्याकरणाच्या पुस्तकात याला जड नाव असेल. आम्हांला ‘बसलेली क्रियापदे’ हेच नाव पुरले. बोली सोडा, असे मात्र ते एकदाही म्हणाले नाहीत. ती कोठे थांबते आणि परीक्षेची भाषा कोठे सुरू होते, ती शीव तेवढी त्यांनी दाखवली.

‘अ’ आणि ‘द’ यांचा घोळ त्यांनी आजीच्या गोष्टीने सोडवला. एक राजा होता, त्या राजाला दोन राण्या होत्या. पहिल्यांदा ‘एक’, ओळख झाली की ‘तो’ किंवा ‘त्या’. मराठीत उपपद नाही, असे पुस्तक म्हणते. पण गोष्ट सांगणाऱ्या प्रत्येक आजीला ते येते. शब्दयोगी अव्यये, लिंग, वचन, विरामचिन्हे यांविषयी येथे लिहिण्यासारखे फारसे नाही. ती आम्ही घोकली.

अलंकारांचे दोन रविवार मोठ्या मजेत गेले. मराठीच्या तासाला उपमेय, उपमान, साधारण धर्म आणि साम्यवाचक शब्द आम्ही शिकलो होतो. त्याच घोड्यावर इंग्रजी खोगीर चढवायचे होते, इतकेच. सरांनी धम्मपदाच्या आरंभीच्या दोन गाथांची आठवण दिली. दुष्ट मनाने वागणाऱ्यामागे दुःख कसे येते, तर गाडी ओढणाऱ्या बैलाच्या पावलामागे चाक येते तसे. आणि निर्मळ मनाने वागणाऱ्यामागे सुख, कधीही साथ न सोडणाऱ्या सावलीसारखे. “यात ‘लाइक’ कोठे आहे, शोधा,” असे त्यांनी म्हटले. पालीतला साम्यवाचक शब्द केवळ एका अक्षराचा, ‘व’, हे कळल्यावर तो सापडला. आमच्यातील बहुतेकांनी बैलगाडी हाकली होती. चाक बैलाच्या पायाला कधी गाठत नाही आणि कधी सोडतही नाही, हे आम्हांला समजावून सांगावे लागले नाही. उलट आम्हीच सरांना सांगितले की, ओझे भरलेले असले की मागचा आवाज बदलतो आणि बैल कान मागे टाकतो. शहरात वाढलेल्या सरांना हे ठाऊक नव्हते. ते त्यांनी फळ्यावर लिहून ठेवले.

चेतनगुणोक्तीसाठी, म्हणजे इंग्रजीतल्या पर्सॉनिफिकेशनसाठी, पाठ्यपुस्तकात वारा कुजबुजत होता. सरांना ते फिके वाटले. त्यांनी मारबतीची आठवण काढली. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी काळी आणि पिवळी मारबत निघते, बांबू आणि कागदाचे ते प्रचंड पुतळे महालातून वाजतगाजत जातात, आणि त्यांच्याबरोबर बडगेही असतात. कोणाच्या गळ्यात महागाईची पाटी, कोणाच्या गळ्यात भ्रष्टाचाराची. मारबतीशी आपल्या वसतिगृहाचा काही संबंध नव्हता आणि नाही. पण मिरवणूक रस्त्याने जात असे आणि वसतिगृहाला खिडक्या होत्या. सर म्हणाले, “महागाई कोणी पाहिली आहे? नाही. पण तिला हातपाय देऊन, तोंड रंगवून रस्त्यावर आणले की लोक तिला शिव्या देऊ शकतात. जे दिसत नाही त्याच्याशी भांडायचे असेल तर आधी त्याला चेहरा द्यावा लागतो.” रोगराई पुतळ्याबरोबर जळून जाते, हे मात्र अलंकाराला खरे समजणे झाले, अशी पुस्तीही त्यांनी जोडली. उत्तरपत्रिकेत आमच्यापैकी दोघांनी पर्सॉनिफिकेशनचे उदाहरण म्हणून बडग्याचा उल्लेख केला. परीक्षकाला ते कळले की नाही, देव जाणे. आणि हा शब्दप्रयोग जुनी सवय म्हणून वाचकांनी सोडून द्यावा.

आता त्या पत्राकडे येतो.

कर्मणी प्रयोगाचा, म्हणजे पॅसिव्ह व्हॉइसचा रविवार होता. मराठीतला ‘रामाने आंबा खाल्ला’ हा कर्मणी प्रयोग असला तरी तो इंग्रजीतला पॅसिव्ह नव्हे, हे सरांनी प्रथम निक्षून सांगितले. आमच्या वाक्यात राम ठळकपणे उभा आहे. इंग्रजीतला पॅसिव्ह रामाला पडद्यामागे ढकलू शकतो. त्याच आठवड्यात स्नानगृहातला दिवा फुटला होता. अधीक्षकांनी विचारल्यावर सगळ्यांचे उत्तर एकच होते, “दिवा फुटला.” सर हसून म्हणाले, “हाच तो प्रयोग. बाय हूम?” वर्ग चित्रासारखा स्तब्ध. (दिवा कोणी फोडला हे आम्हां तिघांना आजही माहीत आहे. स्मरणिकेतही आम्ही ते सांगणार नाही.)

गृहपाठ असा होता की जेथे मिळेल तेथून एकेक पॅसिव्ह वाक्य शोधून आणायचे. कोणी औषधाच्या वेष्टनावरून आणले, कोणी रेल्वेच्या डब्यातील सूचनेवरून, कोणी भिंतीवरच्या थुंकू नये या पाटीवरून. उमरेडकडचा आमचा एक मित्र, जो तासाला कधी तोंड उघडत नसे, त्याने वहीत लिहून आणले होते: ‘युवर ॲप्लिकेशन कॅनॉट बी कन्सिडर्ड’. वाक्य अचूक होते. सरांनी शाबासकी दिली आणि विचारले, कोठे मिळाले? तो म्हणाला, “पेटीत.”

पेटीत एक लिफाफा होता. त्याचे वडील एका कार्यालयात चौकीदार होते आणि नोकरीत असतानाच वारले होते. आईने अनुकंपा तत्त्वावर नोकरीसाठी अर्ज केला होता. त्याचे उत्तर इंग्रजीत आले. गावात वाचणारे कोणी नव्हते, म्हणून दिवाळीच्या सुटीनंतर परत येताना आईने ते मुलाजवळ दिले, वाचून कळव म्हणाली. त्याने ते वाचले. दहावीचा विद्यार्थी होता, पहिले वाक्य त्याला समजले. अर्जाचा विचार करता येत नाही. तो तेथेच थांबला. आईला काय कळवायचे, हे न सुचून त्याने लिफाफा कपड्यांखाली ठेवला आणि जवळजवळ तीन आठवडे कोणालाही सांगितले नाही. कार्यालयाने नाही म्हटले आहे, असे तो धरून चालला होता.

सरांनी पत्र पूर्ण वाचले. मग आम्हां सर्वांना फळ्याभोवती बोलावून ते वाक्य पूर्ण लिहिले. ते पूर्णविरामाने संपतच नव्हते. पुढे ‘इन द ॲब्सेन्स ऑफ’ असे होते, म्हणजे वारस प्रमाणपत्राअभावी. आणि त्यापुढे दुसरे वाक्य, तेही पॅसिव्ह: अर्ज पत्र मिळाल्यापासून तीस दिवसांच्या आत पुन्हा सादर करता येईल. त्यात ‘मे’ होते. “हा ‘मे’ काय सांगतो?” सरांनी विचारले. एकाने सांगितले, शक्यता. दुसऱ्याने सांगितले, परवानगी. “परवानगी. दार लोटलेले आहे, कडी लावलेली नाही.” मग त्यांनी लिफाफा उलटा केला. मागे गावच्या टपाल कार्यालयाचा शिक्का होता. आमच्यापैकी जो आज टपाल खात्यात आहे, त्याला तो पुसट शिक्का आणि सरांनी चष्मा कपाळावर सरकवून वाचलेली तारीख अजून आठवते. तीस दिवसांतले पाच उरले होते.

तो रविवार तेथेच संपला आणि दुसराच सुरू झाला. औपचारिक पत्रलेखन अभ्यासक्रमात होतेच, दोन आठवड्यांनी यायचे होते; सरांनी ते त्याच दुपारी घेतले. पाच दिवसांत तहसील कार्यालयातून प्रमाणपत्र मिळणे अशक्य होते. म्हणून प्रमाणपत्रासाठी अर्ज केल्याची पोच जोडून मुदतवाढ मागायची, असे ठरले. मसुदा फळ्यावर झाला, तो आम्ही केला. कोणी ‘रेफरन्स’ची ओळ सांगितली, कोणी ‘रिस्पेक्टेड सर’ सांगितले. कोणी ‘आय ॲम रिक्वेस्टिंग’ म्हणाला, तेव्हा दुःखी चेहऱ्याचा तो मित्रच म्हणाला, “बसलेलं क्रियापद आहे बे ते.” तसे ते बसलेले नव्हते, पण त्या वेळी त्याची चूक काढायची कोणाची छाती झाली नाही, सरांचीसुद्धा. सोमवारी पहाटे सर त्याला घेऊन गणेशपेठच्या बसस्थानकावर गेले. तहसीलची पोच मिळाली, आईचा अंगठा झाला, आणि गुरुवारी पत्र कार्यालयात देऊन त्यावर शिक्का घेतला. पोचेशिवाय कागद द्यायचा नाही, हा धडाही त्याच आठवड्यातला.

प्रकरण त्यानंतरही दोन वर्षे चालले. आणखी तीन पत्रे आली, तीही इंग्रजीत. पण ती पेटीत गेली नाहीत. त्याच्या आई पुढे त्या कार्यालयात शिपाई म्हणून लागल्या. मित्राला परीक्षेत इंग्रजीत एक्केचाळीस गुण मिळाले. हा मजकूर त्याला वाचून दाखवला आहे आणि त्याची संमती आहे. ‘दुःखी चेहऱ्याचा’ हे शब्द काढा, असे तो म्हणाला, ते आम्ही काढले नाहीत.

कथेच्या घटकांची उजळणी यानंतरच्या रविवारी होती, आणि आज मागे वळून पाहता वाटते की सरांनी त्यासाठीचा उतारा या घटनेनंतरच ठरवला असावा. पाठ्यपुस्तकातली गोष्ट बाजूला ठेवून त्यांनी बाबासाहेबांच्या ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’मधला पहिला प्रसंग वाचून दाखवला. आठवणींचे हे छोटेसे लेखन बाबासाहेबांच्या हयातीत छापले गेले नाही. पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९९० मध्ये ते पुस्तिकारूपाने काढले आणि १९९३ मध्ये ते शासनाच्या ग्रंथमालेच्या बाराव्या खंडात आले. बाबासाहेब ज्या कोलंबिया विद्यापीठात शिकले, तेथे पुढे ते अभ्यासाला लावले गेले. आम्ही ऐकले तेव्हा मात्र आम्हांला ते फक्त आपल्या वयाच्या मुलाचे वाटले.

प्रसंग बहुतेकांना माहीत आहे. साल १९०१, उन्हाळ्याची सुटी. साताऱ्याहून भाऊ आणि भाच्यांसह लहानगा भीमराव वडिलांकडे गोरेगावला निघतो. नवे कपडे, आगगाडीचा पहिलावहिला प्रवास. मसूर स्थानकावर न्यायला कोणी येत नाही. स्टेशनमास्तर प्रेमाने चौकशी करतो, मुले महार आहेत असे कळताच त्याचा चेहरा बदलतो. दुप्पट भाडे देऊन बैलगाडी मिळते, तीही मुलांनी स्वतः हाकायची. जवळ खायला आहे, पण रात्रभर पाणी मिळत नाही.

सरांनी फळ्यावर घटक लिहिले: पात्रे, स्थळकाळ, कथानक, संघर्ष, उत्कर्षबिंदू, निवेदक. पहिले दोन चटकन भरले. निवेदक प्रथम पुरुषी. संघर्षापाशी आम्ही अडलो. एकाने विचारले, “सर, खलनायक कोणाला लिहायचं?” स्टेशनमास्तर? त्याने तर गाडीची व्यवस्था करून दिली. गाडीवान? तो बिचारा शेजारून चालत होता. नाक्यावरचा माणूस? त्याने फक्त पाणी नाही म्हटले. कोणी मारले नाही, कोणी ओरडलेही नाही. सरांनी ती जागा फळ्यावर रिकामीच ठेवली. म्हणाले, “मागच्या रविवारचा प्रश्न आठवा. बाय हूम?”

उत्कर्षबिंदूवरही वाद झाला. आमच्यापैकी एकाचे मत, स्टेशनमास्तरचा चेहरा बदलतो तो क्षण. दुसऱ्याचे, रात्री नाक्यावर मुसलमान असल्याचे सांगूनही पाणी मिळत नाही तो. हा वाद आजही मिटलेला नाही. लेख लिहिताना पुन्हा झाला. तो उमरेडकडचा मित्र मात्र कथानकाच्या आरंभाविषयीच बोलला. वडील स्थानकावर का आले नाहीत, तर मुलांनी पाठवलेले पत्र नोकराला मिळाले होते, पण ते त्याने वडिलांना दिलेच नव्हते. “सगळं तिथून सुरू झालं,” तो म्हणाला. वर्गात त्याच्याकडे कोणी पाहिले नाही.

या लेखनात उपमा फार थोड्या आहेत. बडोद्याच्या पारशी धर्मशाळेतल्या अंधाऱ्या दालनाला बाबासाहेब अंधारकोठडीची उपमा देतात, तेवढी आमच्या ध्यानात राहिली. बाकी सारे साधे: गेलो, विचारले, नाही म्हणाले. सर्वांत मोठे रूपक शीर्षकात आहे. संपूर्ण पुस्तिकेत व्हिसाचा संबंध कोठेच येत नाही. परक्या देशात शिरायला जो लागतो, तो परवाना आपल्याच देशातल्या विहिरीसाठी, टांग्यासाठी, भाड्याच्या खोलीसाठी लागावा, हे त्यांनी चार इंग्रजी शब्दांत सांगितले. सर म्हणाले होते, अलंकार दागिन्यासारखा घालायचा नसतो, तो खिळ्यासारखा ठोकायचा असतो. एक पुरतो.

याच बाबासाहेबांना लहानपणी वडिलांनी तर्खडकरांची भाषांतर पाठमाला घोकायला लावली होती, हे सर अधूनमधून सांगत, विशेषतः आम्ही घोकंपट्टीला कंटाळलो की.

सर २०११ मध्ये गेले. त्यानंतरच्या हिवाळ्यापासून आम्ही तिघे, आणि जमेल तसा तो चौथा, डिसेंबर ते फेब्रुवारी या काळात रविवारी उजळणी घ्यायला येतो. आता मुलीही आहेत. २००० सालापासून इंग्रजी पहिलीपासून सुरू झाल्यामुळे अडचणीही बदलल्या आहेत. आजची मुले इंग्रजी शब्दांना बिचकत नाहीत, मोबाइलवर चार वाक्ये चटकन बोलतात. पण अर्जाचे एक पान लिहायला सांगितले की दुसऱ्या ओळीत अडकतात. शब्द आले, वाक्य राहिले. आम्ही गच्छामिपासूनच सुरुवात करतो. पॅसिव्हचा गृहपाठही तोच ठेवला आहे, आणि पेट्यांतून आजही कधी कधी लिफाफे निघतात.

गेल्या फेब्रुवारीत ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ वाचून झाल्यावर आठवीतल्या एका मुलीने विचारले, “सर, मग त्यांना व्हिसा मिळाला का?” तिघांनी तीन उत्तरे दिली. ती कोणालाच पटली नाहीत, तिलाही नाही. जेवणाची घंटा झाली तेव्हा ती वहीत काहीतरी लिहीत होती.

यंदाची उजळणी डिसेंबरच्या पहिल्या रविवारी, सकाळी वंदनेनंतर लगेच सुरू होईल. ज्या माजी विद्यार्थ्यांकडे जुन्या प्रश्नपत्रिका असतील त्यांनी त्या जरूर आणाव्यात. खडू आणू नयेत. ते आम्ही आणतो, चांगले.